गंगथडीची जुनी लाकडी नाव: मूळ कसं शोधायचं, मोल कसं ठरवायचं

मी हौसेनं विकत घेतलेली पहिली नाव ही नाव नव्हतीच. जुन्या लाकडाच्या एका दुकानात, वाड्यांच्या चौकटी आणि तुळयांच्या ढिगाखाली, साडेसात फुटांचं आतून कोरलेलं एक खोड पडलं होतं. दुकानदार म्हणाला, "साहेब, गोदावरीतली एकलाकडी होडी आहे, दीडशे वर्षांची. असा पीस परत मिळायचा नाही." मी भाव केला, टेम्पो केला आणि ती घरी आणली. आठवड्याभरानं गावाकडचे मामा आले. त्यांनी भोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "डोण कशाला आणली रे? म्हशी घेतोस का काय?"

ती विहिरीवरची, गुरांना पाणी पाजायची डोण होती. एका टोकाला पाणी सोडायचं भोक होतं, त्यात लाकडी बुचाचा तुकडाही अडकलेला होता. तो मला दिसला होता. मी त्याला नांगर बांधायची जागा समजलो होतो!

त्यानंतर गंगथडीला, म्हणजे इथे गंगा म्हणतात त्या गोदावरीच्या काठानं, पैठणपासून गंगाखेडपर्यंत बऱ्याच नावा पाहिल्या. गोठ्यात वैरणीखाली दबलेल्या, मंदिराच्या मागे पालथ्या घातलेल्या, हॉटेलच्या दारात कुंड्या ठेवून सजवलेल्या. हल्ली अशा नावेला चांगलं गिऱ्हाईक आहे, म्हणून विकणाऱ्याच्या गोष्टीही फुगल्या आहेत. ज्यांच्या घरात अशी नाव निघाली आहे किंवा जे घ्यायला निघाले आहेत, त्यांच्यासाठी हा लेख.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. आपल्या नावेला जन्मदाखला नसतो. गावच्या सुतारानं ती केली, भोयानं किंवा कोळ्यानं ती चालवली आणि पूल झाल्यावर ती कुडाला लावून ठेवली गेली. तिचा इतिहास तिच्या अंगावर, म्हाताऱ्यांच्या तोंडी आणि कुणाच्या तरी वाटणीपत्रात विखुरलेला असतो. तो गोळा केला की मोल ठरवता येतं. आधी मोल ठरवून मग इतिहास शोधायला निघालेला माणूस हमखास फसतो.

पहिली पायरी: वही उघडा, हात खिशात ठेवा

एक वही घ्या आणि पानाचे तीन रकाने करा: पाहिलं, ऐकलं, वाचलं. पुढे जे काही सापडेल ते यांपैकी एकाच रकान्यात जाईल. "शंभर वर्षांची आहे" असं दुकानदार म्हणाला, तर ते "ऐकलं"मध्ये. ते आपोआप उडी मारून "पाहिलं"मध्ये जाऊ देऊ नका.

नाव धुऊ नका, घासू नका, डांबर खरवडू नका. दुसऱ्या नावेच्या बाबतीत मी हेच केलं. सुताराला सांगून बाहेरचं डांबर काढून घेतलं, लाकूड छान उघडं पडलं आणि त्याबरोबर नाकाशी असलेला पांढऱ्या रंगातला आकडाही गेला. तो तरीचा (तर म्हणजे नावेनं नदी ओलांडायची जागा) क्रमांक होता की मच्छीमार संस्थेचा, हे आता कुणीच सांगू शकत नाही. डांबराचे थर, रंगाचे पोपडे, नाकावरचा शेंदूर, तळाशी साचलेला गाळ हे सगळं पुरावा आहे.

मग फोटो. दुपारच्या उन्हात काढू नका. संध्याकाळी किंवा अंधाऱ्या गोठ्यात बॅटरी आडवी धरून काढा. उजेड तिरका पडला की करवतीच्या रेषा, वाकसाचे (सुताराच्या तासायच्या हत्याराचे) घाव आणि पुसट अक्षरं उठून दिसतात. प्रत्येक फोटोत टेप किंवा निदान काडेपेटी ठेवा. मापं घ्या: टोकापासून टोकापर्यंत लांबी, मध्यावरची रुंदी, खोली, फळीची जाडी आणि दोन खिळ्यांमधलं अंतर.

दुसरी पायरी: ही नाव आहे का? असली तर इथलीच आहे का?

डोण आणि एकलाकडी होडी यांत नवखा माणूस फसतो, त्याची लाज नको. डोणीची दोन्ही टोकं बहुधा सरळ छाटलेली असतात, भिंती जाड आणि आतल्या कडा गुरांच्या मानांनी घासून गुळगुळीत झालेल्या असतात. होडीचं निदान एक टोक निमुळतं आणि वर उचललेलं असतं, आणि झीज बाहेरून, बुडाला असते. बुडाला झीजच नसेल तर ती पाण्यात गेलेली नाही, मग ती काहीही असो.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. मराठवाड्यात गोदावरीची नाव म्हणून विकल्या जाणाऱ्या काही होड्या कोकणातून किंवा केरळातून ट्रकवर बसून आलेल्या असतात. त्या ओळखायची एक पक्की खूण आहे. समुद्राच्या आणि खाडीच्या खाऱ्या पाण्यात टेरेडो नावाचा जीव राहतो. त्याला किडा म्हणतात, पण तो शिंपल्यांच्या कुळातला आहे. तो लाकूड पोखरत जातो आणि आपल्या बोगद्याला आतून पांढऱ्या चुन्यासारखं अस्तर लावतो. तुटलेल्या फळीच्या कडेला बोटभर जाडीची, आतून पांढरी नळी दिसली की ती नाव खाऱ्या पाण्यातली समजा. गंगेच्या गोड्या पाण्यात हा प्राणी नसतो. गोठ्यात लागलेल्या भुंग्याची भोकं बारीक असतात, त्यातून पिठासारखा भुसा गळतो आणि अस्तर नसतं. फळ्यांच्या कडांना जोडीजोडीनं भोकं आणि त्यात काथ्याचे अवशेष असतील, तर ती शिवलेली नाव आहे. तशी शिवण केरळाच्या नावांत आढळते.

विकणाऱ्यांचे दोन आवडते किस्से इथेच निकालात काढतो. पैठण म्हटलं की सातवाहन येतातच, आणि त्यांच्या नाण्यावर जहाज आहे हेही खरं आहे. पण ते दोन डोलकाठ्यांचं समुद्री जहाज आहे आणि ती नाणी प्रामुख्यानं पूर्व किनाऱ्यावर सापडतात. तुमच्या गोठ्यातल्या नावेशी त्याचा संबंध नाही. दुसरा किस्सा राक्षसभुवनचा. १० ऑगस्ट १७६३ च्या तिथल्या पेशवे-निजाम लढाईत भरलेली गोदावरी ओलांडण्यावरच सगळा खेळ ठरला, म्हणून "त्या लढाईतली नाव" असं सांगायला सोपं जातं. अडीचशे वर्षं ऊन, पाणी आणि वाळवी सोसून उघड्यावर टिकलेली नाव मी पाहिलेली नाही. कुणी दाखवली तर चहा पिऊन घरी या.

तिसरी पायरी: नावेचं अंग वाचा

इथे घाई करू नका. निम्मा इतिहास इथेच हाती लागतो.

बुडापासून सुरुवात करा. गंगेचं पात्र उथळ, कुठे वाळूचं तर कुठे खडकाळ. म्हणून इथली नाव सपाट बुडाची. काठाला लावताना पुढचा भाग वाळूवर घासतो, त्यामुळे बुडाचा पुढचा तिसरा हिस्सा जास्त झिजलेला हवा. झीज सगळीकडे सारखी असेल तर कुणीतरी रंधा मारला आहे. मागच्या बाजूला काठावर खोलगट गुळगुळीत खाच सापडली, तर तिथे नावाड्याचा बांबू वर्षानुवर्षं टेकलेला आहे. वल्ह्यांची नाव असेल तर काठावर समोरासमोर भोकं किंवा दोराच्या कड्यांची घासण दिसेल.

तरीची नाव आणि मासेमारीची नाव यांत फरक करायला शिका, कारण मोलात मोठा फरक पडतो. तरीची नाव रुंद असते, तिच्या तळाला आडव्या फळ्या टाकलेल्या असतात, आणि बैल-शेरडं नेली असतील तर त्या फळ्यांवर खुरांचे गोल दबके खड्डे असतात. दोराच्या आधारानं चालणाऱ्या नावेला जाड लोखंडी कडी असते. मासेमारीची नाव अरुंद, तिच्या काठावर जाळं ओढून ओढून पडलेल्या बारीक समांतर रेषा, आणि सांध्यांत अडकलेले नायलॉनचे धागे. धागा नायलॉनचा असेल तर तिचं निदान शेवटचं आयुष्य तरी १९६० नंतरचं धरा. माझ्या अनुभवात बाजारात येणाऱ्या बहुतेक नावा या धरण झाल्यानंतर जलाशयात मासेमारीसाठी केलेल्या असतात. तरीची खरी जुनी नाव दुर्मिळ आहे.

आता खिळे. हातानं घडवलेल्या खिळ्याची काठी चौकोनी, चारही बाजूंनी टोकाकडे निमुळती होत गेलेली, आणि डोकं हातोड्यानं ठोकून वाकडंतिकडं झालेलं असतं. कारखान्यातल्या तारेच्या खिळ्याची काठी गोल आणि डोकं चकतीसारखं. पण सावध राहा. लोहार चौकोनी खिळे खूप अलीकडेपर्यंत करत होते, त्यामुळे चौकोनी खिळा म्हणजे जुनी नाव, असं होत नाही. उलट बाजू मात्र पक्की आहे: मूळच्या, कधीच न उकललेल्या सांध्यात गोल खिळा असेल तर नाव फार जुनी नाही. मूळ बांधणीतली सगळ्यात नवी वस्तू शोधा, नाव त्या वस्तूपेक्षा जुनी असूच शकत नाही. डोक्यावर अधिक चिन्हासारखी खाच असलेला स्क्रू अमेरिकेतच १९३० च्या दशकात आला. तो मूळ सांध्यात दिसला तर "आजोबांच्या आजोबांची नाव" ही गोष्ट तिथेच संपते. फक्त तो दुरुस्तीतला नाही, याची खात्री करा. दुरुस्तीची फळी शेजारच्या फळीपेक्षा कमी झिजलेली असते आणि तिचे खिळे वेगळ्या अंतरावर असतात.

फळीच्या आतल्या बाजूला, जिथे रंधा पोहोचला नाही तिथे, करवतीच्या रेषा पाहा. दोन माणसांनी वर-खाली उभं राहून मोठ्या करवतीनं चिरलेल्या फळीवर तिरप्या सरळ रेषा असतात, पण त्यांच्यातलं अंतर कमीजास्त होतं, कारण माणूस दमतो. गिरणीतल्या गोल पात्याच्या रेषा धनुष्यासारख्या वाकड्या येतात. पट्ट्याच्या करवतीच्या रेषा सरळ आणि शिस्तीत एकसारख्या असतात.

लाकूड कोणतं? फळ्यांना साग, स्वस्तातल्या नावेला आंबा, आतल्या वाकड्या बरगड्यांना बाभळीच्या नैसर्गिक वाकलेल्या फांद्या, असा मेळ बऱ्याचदा दिसतो. बाभळीचा बाक सुतारानं झाडावरच हेरून ठेवलेला असतो. मराठवाड्यात जंगल थोडं. किनवटकडचा पट्टा सागाचा म्हणून ओळखला जातो. नांदेडच्या बाजूच्या नावेत साग जास्त का, असं कुणी विचारलं तर तिकडे बोट दाखवता येतं, पण ते अनुमान म्हणूनच वहीत लिहा. खात्री हवीच असेल तर लाकडाचा लहानसा तुकडा डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत किंवा बंगळूरच्या लाकूड विज्ञान आणि तंत्रज्ञान संस्थेत ओळखीसाठी पाठवता येतो. तुकडा आतल्या, न दिसणाऱ्या जागचा काढा. "कार्बन डेटिंग करून घ्या" असा सल्ला देणारेही भेटतील. त्यावर पैसे घालवू नका. गेल्या तीनेकशे वर्षांतल्या लाकडाला ती पद्धत नेमकं साल देत नाही. आणि दिलंच, तरी ते झाडाचं असतं, नावेचं नाही.

नावेच्या आत वरपर्यंत गाळाची रेघ दिसली तर ती बुडून वाया गेली होती असं समजू नका. लाकूड वाळून सांधे फाकू नयेत म्हणून उन्हाळ्यात नाव मुद्दाम उथळ पाण्यात बुडवून ठेवायची रीत होती. पाऊस लागला की उपसून पुन्हा वर काढायची. अशी रेघ असलेली नाव जाणत्या माणसाच्या हातातली होती.

चौथी पायरी: माणसांना विचारा, पण साल विचारू नका

"ही नाव किती वर्षांची?" असं विचारलं की उत्तर एकच: "लई जुनी. शंभराची तरी असंल." दोष सांगणाऱ्याचा नाही, प्रश्नाचा आहे. मराठवाड्यातली म्हातारी माणसं काळ मोजतात तो मोठ्या घटनांनी, म्हणून त्या खुंट्यांना प्रश्न बांधा. रझाकार आणि पोलीस ॲक्शन म्हणजे १९४८. बहात्तरचा दुष्काळ. जायकवाडी धरणाची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ ची, लोकार्पण २४ फेब्रुवारी १९७६ चं. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३. शिवाय त्या माणसाचं स्वतःचं लग्न, पहिलं मूल, थोरल्या भावाची वाटणी.

शहागडच्या वरच्या अंगाला एका घरी झालेलं बोलणं जसंच्या तसं देतो.

"बाबा, तुमचं लग्न झालं तव्हा ही नाव होती का?"

"व्हती की. वऱ्हाड हिच्यातूनच आणलं. तव्हा धरण कुठं व्हतं?"

"मग रझाकाराच्या वेळंला?"

"न्हाई, तव्हा दुसरी व्हती, थोरली. ती पुरात गेली. ही बहात्तरच्या आधी दोन-चार साल केली असंल. सुतार आमच्याच गावचा, दोन पायल्या जवारी जास्तीची घेतली म्हून आमची आई भांडली व्हती त्याच्यासंगं."

चार वाक्यांत "शंभर वर्षं" उतरून पन्नास-पंचावन्नवर आली, पण बदल्यात सुताराचं गाव, मजुरी आणि घरातलं भांडण मिळालं. मी तरी अशा नावेला जास्त पैसे देईन.

बायकांना जरूर विचारा. माहेरी जाताना, बाळंतपणाला येताना, नाथषष्ठीला पैठणला जाताना नावेत बसलेल्या बायकांना उतार, म्हणजे नदी ओलांडायची जागा, कुठे होता, पाणी कोणत्या महिन्यात किती असायचं आणि नावाड्याला सुगीला किती धान्य घालत, हे पुरुषांपेक्षा नेमकं आठवतं. दोन माणसांना एकत्र विचारू नका, कारण दुसरा पहिल्याच्या मागे मान डोलावतो. परवानगी घेऊन फोनवर आवाज टिपून ठेवा.

नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाच्या, काठी एक अडचण येते. ज्या तरीवर नाव चालायची ती तर पाण्याखाली गेलेली असते आणि गावाचं पुनर्वसन होऊन माणसं पांगलेली असतात. अशा वेळी नव्या गावठाणात जाऊन जुन्या गावाचं नाव घ्या. "जुन्या गावात नाव कुणाची होती?" एवढा प्रश्न पुरतो. मच्छीमार सहकारी संस्थेच्या जुन्या सभासदांनाही भेटा, तिथे नावांच्या नोंदी असू शकतात.

एक मनातलं सांगतो. भोई-कोळ्यांच्या घरी जाऊन, त्यांच्याकडून माहिती काढून, ती नाव भंगाराच्या भावात उचलणारे लोक मी पाहिले आहेत. माहितीनं मोल वाढलं असेल तर त्यातला वाटा ज्यांनी माहिती दिली त्यांचा आहे.

पाचवी पायरी: कागद

कागद मिळेलच असं नाही. मिळाला तर तो सहसा नावेचा म्हणून मिळत नाही, दुसऱ्याच कशात तरी लपलेला असतो. वाटणीपत्रात "बैल दोन, गाडी एक, नाव जुनी एक" अशी ओळ. तरीच्या लिलावाची पावती. ग्रामपंचायतीचा ठराव. सावकाराची वही. घरातली पत्र्याची पेटी सगळ्यात आधी उघडायला सांगा.

सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे जुने सरकारी कागद बरेचदा उर्दूत, घरगुती कागद मोडीत, आणि तारखा फसली सनाच्या, म्हणजे संस्थानाच्या महसुली कालगणनेच्या. शेवटच्या काळात संस्थानाचं फसली वर्ष ऑक्टोबरात आजूर महिन्यानं सुरू व्हायचं. ऑक्टोबर ते डिसेंबरमधल्या तारखेला फसली आकड्यात ५९० मिळवा, जानेवारीपासून पुढे ५९१. म्हणजे १३५० फसली, बहमन महिना असेल तर तो डिसेंबर १९४० च्या सुमाराचा. १३५० फसली, तीर असेल तर मे १९४१ च्या आसपासचा. रक्कम हाली रुपयांत, म्हणजे संस्थानाच्या चलनात, असेल तर साधारण सात हाली म्हणजे सहा कलदार, म्हणजे इंग्रजी रुपये. बाकी रूपांतराच्या फंदात पडू नका, मूळ आकडा जसाच्या तसा लिहा.

कुठे शोधायचं हे जिल्ह्यांच्या इतिहासावर ठरतं, आणि इथे नवखे हमखास चुकतात. जालना जिल्हा १९८१ चा. अंबड त्याआधी औरंगाबाद जिल्ह्यात होतं आणि परतूर परभणीत. लातूर १९८२ मध्ये उस्मानाबादेतून निघाला, हिंगोली १९९९ मध्ये परभणीतून. म्हणून शहागडचा जुना कागद जालन्याला मिळाला नाही तर हताश न होता छत्रपती संभाजीनगरच्या अभिलेख कक्षात आणि तिथल्या पुराभिलेखागारात विचारा. संस्थानाच्या वरच्या दप्तरासाठी हैदराबादेत तारनाक्याचं तेलंगणा राज्य अभिलेखागार आहे, पण एका नावेसाठी तिथवर जाण्याआधी जवळच्या जागा संपवा.

घरबसल्या होणारं काम म्हणजे जिल्हा गॅझेटिअर. त्यातलं दळणवळणाचं प्रकरण काढून आपल्या काठचे रस्ते, उतार आणि तरी पाहा. आणि जवळच्या पुलाची कोनशिला वाचायला जा. तिच्यावरची तारीख म्हणजे बहुतेक वेळा त्या तरीच्या नावेच्या निवृत्तीची तारीख.

कुणी "कॅनू" म्हणून विकत असेल तर

अलीकडे ऑनलाइन जाहिरातीत कोणत्याही अरुंद होडीला "व्हिंटेज कॅनू" म्हणतात. खरा कॅनू वेगळा. उत्तर अमेरिकेतल्या जुन्या कॅनूत सीडरच्या पातळ, वाफेवर वाकवलेल्या बरगड्या, त्यावर सीडरच्याच पातळ फळ्या आणि बाहेरून ताणून रंगवलेलं कॅनव्हास असतं. दोन्ही टोकं निमुळती आणि वजन इतकं कमी की दोन माणसं सहज उचलतात. आपली सागाची नाव उचलायला निम्मी आळी लागते.

असा कॅनू खरोखर हाती लागला तर त्याचं मूळ शोधणं आपल्या नावेपेक्षा सोपं आहे. अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या ओल्ड टाउन कंपनीच्या कॅनूंना दोन्ही टोकांना आतल्या बाजूला, तळाशी, अनुक्रमांक ठोकलेला असतो. त्याच्या शेजारचा दुसरा आकडा म्हणजे फुटांतली लांबी. त्या क्रमांकावरून कंपनीच्या जुन्या नोंदीत प्रकार, लाकूड, रंग आणि कारखान्यातून कधी आणि कुठे पाठवला हे सापडतं. तिथली वुडन कॅनू हेरिटेज असोसिएशन ही हौशी लोकांची संघटना अशा शोधात मदत करते. कॅनडातल्या पीटरबरो आणि चेस्टनट या दोन मोठ्या कंपन्या बंद पडल्या, त्यांच्या कॅनूंना असा सरळ धागा मिळत नाही. तिथे टोकावरची पट्टी, बैठकीची घडण आणि बरगड्यांचं अंतर यांवरून ओळखावं लागतं. अशी वस्तू मराठवाड्यात आली तर ती बहुधा पुण्या-मुंबईच्या एखाद्या बोट क्लबाच्या भंगारातून आली असेल, म्हणून विकणाऱ्याला आधीचा मालक विचारा.

मोल

सगळ्यात खालचा आकडा लाकडाचा. १२ फूट लांब, ८ इंच रुंद, १ इंच जाड अशी फळी म्हणजे पाऊण घनफुटाला थोडी कमी, ०.६७ घनफूट. अशा १८ फळ्यांची नाव म्हणजे १२ घनफूट. जवळच्या वखारीत त्या आठवड्यात जुन्या सागाचा जो भाव असेल त्यानं गुणा आणि खिळ्यांची भोकं, कुजका भाग यांसाठी वखारवाला जी कापणी लावतो ती वजा करा. हा तुमचा तळ. यापेक्षा कमी भावात कुणी मागत असेल तर तो नाव घेत नाही, तुम्हाला घेतो. जाताजाता: १२ घनफूट साग सव्वादोनशे किलोच्या आसपास भरतो, टेम्पो त्या हिशोबानं ठरवा.

त्यावरचा भाव शोभेचा. रिसॉर्टवाले, फार्महाउसवाले, मालिका-सिनेमांचे कलादिग्दर्शन करणारे हे इथले गिऱ्हाईक. त्यांना वय नको असतं, आकार आणि झिजलेपणाचं देखणेपण हवं असतं. हा भाव ठरवताना जाहिरातीतल्या किमती पाहून हुरळू नका, त्या मागितलेल्या किमती असतात. प्रत्यक्ष किती रुपयांना गेली हे दोन-तीन विकणाऱ्यांकडून गोडीनं काढून घ्या. अर्धी कापून फडताळ केलेली नाव या भावातही पडते, आणि चकचकीत पॉलिश मारलेली नाव शहाण्या गिऱ्हाइकाच्या नजरेतून उतरते.

खरा फरक पडतो तो कोणत्या तरीवर, कुणी, कधीपासून कधीपर्यंत चालवली हे सांगता आलं तर. सोबत मूळचं वल्हं, बांबू, भोक पाडलेला नांगराचा दगड किंवा लिलावाची पावती असेल तर ती एकत्रच विका, सुटी करू नका. जुन्या लग्नाच्या फोटोत मागे ती नाव दिसत असेल तर त्याची चांगली प्रत काढून घ्या. अशा नावेला ठरलेला बाजारभाव नाही, दोन जाणती माणसं समोरासमोर बसून ठरवतात तोच. संग्रहालयात द्यायचा विचार असेल तर पैठणचं बाळासाहेब पाटील संग्रहालय किंवा छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाचं इतिहास संग्रहालय यांच्याशी बोलून पाहा. मात्र तिथे दानाचीच तयारी ठेवून जा.

कायद्याचं थोडक्यात. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर किंवा अधिक वर्षांची कारागिरीची वस्तू पुरावस्तू ठरू शकते. मग तिच्या विक्रीच्या धंद्याला परवाना लागतो आणि ती खाजगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही. म्हणजे जाहिरातीत फुशारकीनं "१२० वर्षं जुनी" लिहिणारा स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतो. नाव अखंड नेत असाल तर विक्रीचा कागद गाडीत ठेवा. फळ्या सुट्या करून सागाचं लाकूड म्हणून नेणार असाल तर आधी वन परिक्षेत्र कार्यालयात विचारून घ्या.

घरी आणल्यावर

सावलीत, जमिनीपासून वीतभर उंच, तीन ठिकाणी आधार देऊन ठेवा. नुसता दोन टोकांना आधार दिला तर पाठ मोडते. एसीच्या खोलीत नको, फळ्या तडकतात. वर्षातून एकदा जवसाचं तेल कापडानं पातळ लावा, तेही शेंदूर, रंग आणि अक्षरं सोडून. पाण्यात घालायचा मोह आवरा. वीस वर्षं वाळलेली नाव दहा मिनिटांत भरते.

तीन रकान्यांच्या वहीवरून एक पानाची प्रत तयार करा आणि रकाने मोडू नका. माझ्याकडच्या नावेचं पान असं आहे. पाहिलं: लांबी १४ फूट, साग, बरगड्या बाभळीच्या, मूळ सांध्यांत गोल खिळे, तळाच्या फळ्यांवर खुरांचे ठसे, डाव्या काठाला बांबूची खाच. ऐकलं: बहात्तरच्या आधी दोन-चार वर्षं केली, मजुरीत जास्तीची ज्वारी. वाचलं: या रकान्यात अजून काही नाही, जागा मोकळी सोडली आहे. हे पान प्लास्टिकच्या पिशवीत घालून मागच्या बैठकीखाली दोऱ्यानं बांधून ठेवा. खिळा मारू नका.